फुलामुलांच्या कवीचा संताप

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे बालपण धाकात गेले. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी ते जन्मले. वडील वामनराव भारी तापट. कवितेची ओढ आली ती आई जानकीबाईंकडून. ती गेली आणि कोवळ्या वयातच पोराने घर सोडले.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. बायबलातील नीतिसूत्रे मुलांना छडी लावायला सांगतात. पौलाचे पत्र मात्र बापांनाच आवरते, मुलांना चिडीस आणू देत नाही. टिळकांनी तिसरीच वाट धरली. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाने त्यांनी ख्रिस्तालाच माउली म्हटले. घायाळ पक्षिणीची पिलांसाठीची तगमग लिहिणारे तेच.

पण घरात? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त काही झाकलेले नाही. वडिलांचा संताप मुलात उतरला होता, आणि त्याची झळ बहुधा त्यांनाच लागे. (कवीची बायको होणे सोपे नव्हेच!) तरी त्याच घरात अनाथ मुलांना आसरा मिळाला, बालकवी ठोमरे लेकासारखे राहिले.

१९१७ साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या, न घेतलेल्या सर्वांना तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. त्या संतापाच्या हकिकती लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिल्या, त्याही हसत हसत.