लक्ष्मीबाई टिळक : पाण्याच्या घागरीपासून सुरू झालेले धर्मांतर

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. तो दिवस आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिक शहरात एका वृद्ध ख्रिस्ती बाईंचे निधन झाले. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. मराठी वाचक त्यांना 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे ओळखतो. आम्हाला मात्र आज त्यांच्याकडे धर्म बदललेली एक बाई म्हणून पाहायचे आहे.

बौद्ध वाचकांसाठी जन्माने ब्राह्मण आणि धर्माने ख्रिस्ती असलेल्या बाईचे चरित्र कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, धर्मांतरात माणसाच्या मनातून जात नेमकी कशी निघते, किती वेळ लागतो आणि कुठे अडते, हे इतक्या खरेपणाने सांगणारी माणसे मराठीत फार थोडी आहेत. लक्ष्मीबाई त्यांतल्या एक आहेत.

सोवळ्याचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. नाशिकजवळचे गोदाकाठचे जलालपूर हे त्यांचे गाव. माहेरचे आडनाव गोखले, लहानपणीचे नाव मनकर्णिका. वडील विलक्षण सोवळे. १८५७ च्या बंडाच्या काळात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, इंग्रजांनी फाशी दिले. त्या प्रसंगात अस्पृश्याचा स्पर्श झाला, ही गोष्ट वडिलांच्या मनाला अशी लागली की विटाळाचे भय त्यांच्या डोक्यातून उतरलेच नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू त्या घरात धुतली जाई. धान्य तर धुतले जाईच, पण मीठ आणि साखरही त्यातून सुटत नसे. मीठ धुतल्यावर उरणार किती, हा साधा हिशेबही त्या सोवळ्यापुढे चालत नव्हता. आईने आणि मुलांनी तो जाच मुकाट्याने सोसला.

हे वाचताना हसू येते, आणि लक्ष्मीबाईंनीही ते हसतहसत लिहिले आहे. पण हे हसू आम्हाला पुरते येत नाही. त्या घरात ज्यांच्या स्पर्शाने मीठ बाटत होते, ते आपले पणजोबा-खापरपणजोबा होते. सोवळ्याचा जाच घरातल्या बायकामुलांनी भोगला. त्याच सोवळ्याने गावाबाहेरच्या माणसांचे पाणी तोडले. एकाच रोगाची ही दोन टोके होती.

अकराव्या वर्षी, १८८० च्या सुमारास, मनकर्णिकेचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक कोकणातल्या करजगावचे. कवी, हुशार, तापट आणि एका जागी न टिकणारे. नोकऱ्या धरायच्या आणि सोडायच्या, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचा, घरी न सांगता निघून जायचे, असा त्यांचा खाक्या होता. लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी नातेवाइकांकडे. काही मुले लहानपणीच गेली. अक्षरओळख टिळकांनी करून दिली, पण ती जेमतेम. जोडाक्षर आले की त्या अडत. रीतसर शाळा अशी त्यांना मिळालीच नाही.

नवऱ्याचा धर्म, बायकोचे हाल

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत टिळकांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता टिळकांचे मन तिकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी विचारले नव्हते. लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पदरात लहान मुलगा, नवरा जातीबाहेर गेलेला, आणि स्वतःची स्थिती सवाष्ण असून विधवेसारखी.

पुढची चार-साडेचार वर्षे नवराबायको वेगळी राहिली. लक्ष्मीबाई बहीण-मेहुण्यांच्या आधाराने पंढरपूर आणि नाशिक इथे राहिल्या. लोक कीव करत, टोचून बोलत. या दुःखातून त्या कविता करू लागल्या. नीट लिहिता येत नसतानाही ओळी सुचत होत्या.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. टिळकांच्या धर्मांतराची मराठीत पुष्कळ चर्चा झाली. ब्राह्मण कवी ख्रिस्ती झाला म्हणून गदारोळ झाला, नंतर त्यांच्या अभंगांचे कौतुकही झाले. पण घरच्या बाईला न विचारता घेतलेला निर्णय कितीही उदात्त असला तरी त्याची किंमत तिने मोजली. धर्म हा ज्याच्या त्याच्या बुद्धीचा निर्णय असेल, तर तो बाईच्याही बुद्धीचा असायला हवा.

चूल वेगळी, पाणी वेगळे

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. टिळक तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. नवऱ्याकडे आल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या, असे मात्र नाही. त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली आणि पाणी वेगळे ठेवले. नवऱ्याचा स्पर्शसुद्धा सांभाळला. टिळकांनीही आता घाई केली नाही. पहिल्या वेळची चूक त्यांना उमगली असावी.

त्या काळातल्या नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती म्हणजे मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेली माणसे. टिळकांच्या घरी त्यांचा राबता होता. ही माणसे प्रार्थना करत, गात, जेवत आणि लक्ष्मीबाई आपली घागर जपत बसत. जलालपूरचे धुतलेले मीठ त्यांच्या मनात अजून शिल्लक होते.

मग एका रात्री त्या विचार करत बसल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असेल तर तिची काही खूण शरीरावर दिसायला हवी. पशुपक्ष्यांत जाती दिसतात, बैल आणि घोडा ओळखता येतो. माणसांत मात्र बाई आणि पुरुष एवढाच भेद दिसतो. जन्म सारखा, मरण सारखे, रक्त सारखे. मग ब्राह्मण आणि महार हा भेद आला कुठून? कोणा पाद्र्याने हे त्यांना पढवले नव्हते आणि कोणता ग्रंथही त्यांनी वाचला नव्हता. हा सगळा विचार एका अर्धशिक्षित बाईने आपल्या आपण केला. सकाळी उठून त्यांनी टिळकांना सांगितले की, आजपासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी मला चालेल.

बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर घेतला, १९०० साली, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी सुटले, मग धर्म बदलला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून सत्तावीस वर्षे होती. जातीची खरी परीक्षा पाण्यापाशी होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागले नव्हते. लक्ष्मीबाईंना ते पलीकडच्या बाजूने, स्वतःच्या घागरीपाशी कळले.

नव्या धर्मात पहिल्या पायरीवरून

नव्या धर्मात लक्ष्मीबाईंची सुरुवात अगदी खालून झाली. ब्राह्मणी घरात जे काही मानाचे होते, ते इथे उपयोगाचे नव्हते. ज्यांना माहेरी दारातही उभे केले नसते, त्या बायकांच्या शेजारी बसून त्या प्रार्थना शिकल्या. काही महार-मांग ख्रिस्ती बाया त्यांच्यापेक्षा बरे वाचत होत्या. त्या बायांची नावे इतिहासाने जपली नाहीत, ही खंत इथे नोंदवायलाच हवी.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने आणि प्लेगने नगर जिल्हा होरपळला होता. टिळकांच्या घरात अनाथ मुले येत गेली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांची जात न विचारता त्यांना सांभाळले. प्लेगच्या साथीत त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पुढे त्या सभांत बोलू लागल्या, कीर्तनही करू लागल्या. सोवळे सोडणे हा एका रात्रीचा विचार होता, पण ते अंगवळणी पडले या वर्षानुवर्षांच्या कामातून.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी अडले होते. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला आणि मराठी घरांत ते पुस्तक हौसेने वाचले गेले. लक्ष्मीबाईंची शेवटची वर्षे नाशिकमध्ये गेली, आणि तिथेच त्या वारल्या.

फरक विसरू नये

कौतुक करताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाई जातीच्या वरच्या टोकावरून उतरल्या. त्यांनी सोडले ते श्रेष्ठत्व होते. आपल्या लोकांना सोडायची होती ती गुलामी. या दोन वाटा एक नाहीत. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की बातमी होते आणि पुस्तके निघतात. त्याच चर्चमधले हजारो महार-मांग ख्रिस्ती मात्र कायमचे मागच्या बाकावर राहिले. ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्यांची जात सुटली नाही, ही टीका बाबासाहेबांनी केली होती. सगळ्या धर्मांचा विचार करून, येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला बुद्ध धम्म स्वीकारला. तो निर्णय एका घराचा नव्हता, सबंध समाजाचा होता, आणि त्यामागे बावीस प्रतिज्ञा होत्या.

तरीही लक्ष्मीबाईंचे चरित्र आपल्याला अवघड प्रश्न विचारते. आपली दीक्षा झाली, पण घरातली घागर बदलली का? सोयरिक जुळवताना आपण अजून पोटजात विचारतो का? पूर्वाश्रमीच्या मांग, चांभार किंवा आदिवासी कुटुंबातून धम्मात आलेल्या माणसाला आपल्या विहारात कोणत्या रांगेत जागा मिळते? घरातल्या बाईला धम्म समजावून सांगितला जातो, की फक्त पांढरी साडी नेसून वंदनेला यायला सांगितले जाते? दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि आतल्या खोलीत कुलदैवताचा टाक असेल, तर दोष त्या बाईचा नाही. तिच्याशी कोणी बोललेच नाही, हा दोष आहे.

लक्ष्मीबाईंनी स्वतःचा संकोच लपवला नाही. पाणी शिवू देत नव्हते, हे त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला सांगितले. आपल्याकडेही १९५६ नंतर हजारो घरांत देव्हारे उतरवले गेले. कोणी सहज उतरवले, कोणी रडत उतरवले. किती आजींनी टाक नदीत सोडताना मागे वळून पाहिले असेल. त्या आठवणी सांगणाऱ्या आजी आता मोजक्याच उरल्या आहेत.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. 'स्मृतिचित्रे' वाचनालयातून आणून जरूर वाचा. पण त्याआधी आपल्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईपाशी बसा. दीक्षा घेतली तेव्हा तिला कोणी विचारले होते का, देव्हारा कोणी उतरवला, त्या रात्री तिला झोप लागली का, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. जोडाक्षरे चुकली तरी चालतील.