लोकसभेत गेलेले शास्त्रज्ञ : डॉ. मेघनाद साहा

वाचकहो, शास्त्रज्ञ म्हटले की प्रयोगशाळेत दंग असलेला, जगाशी फारसे देणेघेणे नसलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु आपल्या देशात असे एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले, की ज्यांनी मतदारांपुढे जाऊन मते मागितली आणि विज्ञानाचे प्रश्न लोकसभेत मांडले. ते म्हणजे डॉ. मेघनाद साहा.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात, लहानशा दुकानदाराच्या घरी झाला. एका डॉक्टरांनी राहण्या-जेवण्याची सोय केली, म्हणूनच त्यांचे पुढील शिक्षण होऊ शकले. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ पेटली. गव्हर्नरांच्या भेटीवरील बहिष्कारात भाग घेतल्याबद्दल त्यांची शाळा सुटली, शिष्यवृत्तीही गेली. तरीही दुसऱ्या शाळेत प्रवेश घेऊन ते जिद्दीने शिकले. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून झालेली अवहेलनाही त्यांनी सोसली. १९२० साली त्यांनी मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांच्या तापमानाचा अंदाज घेता येऊ लागला. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

एवढी कीर्ती मिळाल्यावर कोणीही स्वस्थ बसला असता. साहांनी मात्र १९३५ साली 'सायन्स अँड कल्चर' हे नियतकालिक सुरू केले आणि विज्ञान व देशाची उभारणी यांवर सातत्याने लिहिले. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. पुराला केवळ दैवाचा कोप न समजता संपूर्ण खोऱ्याची एकत्रित योजना आखावी, असा आग्रह त्यांनी धरला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, त्यामागे या विचाराचा मोठा वाटा होता.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. अणुशक्तीचे काम जनतेच्या पैशावर चालते, मग त्याभोवती एवढी गुप्तता कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. १९५४ साली त्यांनी या विषयावर लोकसभेत चर्चा घडवून आणली. पंतप्रधान नेहरूंशी जुना स्नेह असूनही त्यांच्या धोरणावर टीका करण्यास ते कचरले नाहीत.

त्याच काळात ते पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. देशात सुमारे तीस पंचांगे चालत होती. जुन्या गणितातील वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे धरले गेल्यामुळे चौदाशे वर्षांत २३ दिवसांचा फरक पडला होता. समितीने सुचविलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामकाजात आली. लोकांच्या सणावारांवर मात्र तिची सक्ती झाली नाही. ती पाहण्यास साहा हयात नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असताना त्यांचे निधन झाले.

वाचकहो, साहांची प्रत्येक सूचना मान्य झाली असे नाही. लोकशाहीत तज्ज्ञाचा शब्द हा हुकूम नसतो. पण तज्ज्ञाने पुरावा लोकांपुढे ठेवावा आणि लोकांनी तो समजून घेऊन प्रश्न विचारावेत, यावाचून लोकशाही चालत नाही. म्हणून आपल्या मुलामुलींना विज्ञान शिकवायचे ते केवळ डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी नव्हे. धरण, औषध किंवा वीज यांविषयीचा निर्णय आपल्या नावाने घेतला जाईल, तेव्हा त्यातील खरेखोटे त्यांना पारखता आले पाहिजे.