हादऱ्याच्या मुळाशी जाणारा अभियंता : ए. जी. एम. मिचेल

ऑस्ट्रेलियात जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह बाळगणाऱ्यास गाडीचे हादरे नवे नसतात. थांब्यावर सुकाणू थरथरते, आरसा धूसर दिसतो. मग शोध सुरू होतो. गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवला असता हादरा वाढला तर दोष इंजिनाकडे; रस्त्यावरील वेगासोबतच वाढत असेल तर तो चाकांकडे किंवा प्रोपेलर शाफ्टच्या जोडांकडे. इंजिनाकडे बोट वळले की माउंटिंगचे झिजलेले रबर, एखादा अशक्त इंजेक्टर आणि क्रँकशाफ्टच्या टोकावरील डॅम्पर पुली क्रमाने तपासली जाते. हे सारे दुरुस्त केल्यावरही चार सिलिंडरांच्या इंजिनात थोडा हादरा उरतोच. तो झिजेतून आलेला नसून इंजिनाच्या रचनेतूनच जन्मलेला असतो. या उरलेल्या हादऱ्याचे मूळच उखडून काढण्याचा ध्यास शंभर वर्षांपूर्वी मेलबर्नमधील एका अबोल अभियंत्याने घेतला होता. त्याचे नाव अँथनी जॉर्ज माल्डन मिचेल.

मिचेल यांचा जन्म २१ जून १८७० रोजी लंडनमध्ये झाला, पण तो योगायोगाने. त्यांचे आईवडील व्हिक्टोरिया प्रांतातील माल्डन या सोन्याच्या खाणींच्या गावचे रहिवासी होते आणि त्या वेळी इंग्लंडच्या भेटीस गेले होते. त्या गावाचे नाव मुलाच्या नावात कायमचे राहिले. थोरले बंधू जॉन हेन्री हे असामान्य गणिती होते. त्यांच्या शिक्षणासाठी कुटुंबाने केंब्रिज गाठले आणि धाकट्या अँथनीचे शालेय शिक्षणही तेथे झाले. १८८७ मध्ये जॉन हेन्री इतर तिघांसह सीनियर रँग्लर ठरले. बारा वर्षांनी हाच मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळवला आणि पुढे तेच रँग्लर परांजपे भारताचे उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियात आले, हे मराठी वाचकास सहज आठवेल.

अँथनी यांनी मेलबर्नला परतून तेथील विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८९५ मध्ये पदवी मिळवल्यावर ते जलअभियांत्रिकीच्या व्यवसायात उतरले आणि काही वर्षांनी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करू लागले. दिवसभर पंप आणि पाण्याचे प्रवाह, उरलेल्या वेळात गणित असा त्यांचा क्रम होता. १९०४ मध्ये त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. ठरावीक भार पेलण्यासाठी कमीत कमी साहित्य लागणारा सांगाडा कसा असावा, हा त्याचा विषय. त्या वेळी तो फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. आज विमानांच्या व इमारतींच्या रचनेचा अभ्यास करणारे विद्यार्थी त्याच सांगाड्यांना मिचेल यांच्या नावाने ओळखतात.

पंपांच्या कामात त्यांना एक जुनी अडचण रोज दिसत होती. फिरणाऱ्या दांड्यावर त्याच्या लांबीच्या दिशेने रेटा आला की तो पेलणारे बेअरिंग तापे आणि झिजे. जहाजांच्या पंख्याचा रेटा पेलण्यासाठी तर दांड्यावर एकामागून एक अनेक कडी बसवावी लागत. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले होते की दोन पृष्ठभागांमधील तेल निमुळत्या फटीत ओढले गेले की त्यात दाब निर्माण होतो आणि धातू धातूला टेकत नाही. मर्यादित रुंदीच्या पृष्ठभागासाठी हे गणित मिचेल यांनी सोडवले आणि १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून निघालेला उपाय अगदी साधा होता. अखंड कड्याऐवजी लहान लहान ठोकळे ठेवावेत आणि प्रत्येकाला किंचित झुकण्याची मोकळीक द्यावी. वेग आणि भार यांनुसार योग्य तिरपेपणा ठोकळा स्वतःच शोधतो आणि तेलाची पाचर आपोआप तयार होते. त्याच वर्षी त्यांनी पेटंट घेतले. १९०७ मध्ये मरी नदीकाठच्या कोहुना येथील पंपात असे पहिले बेअरिंग बसले. अमेरिकेत अल्बर्ट किंग्जबरी स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आरमाराने ही रचना स्वीकारली आणि कड्यांच्या लांबलचक रांगेचे काम एकच कडे करू लागले.

या यशावर मिचेल यांना स्वस्थ बसता आले असते. पण त्यांचे लक्ष आता इंजिनाच्या हादऱ्याकडे वळले होते. नेहमीच्या इंजिनात पिस्टनची सरळ ये-जा कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्या साह्याने वर्तुळाकार गतीत बदलते. रॉड तिरपा होत असल्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला अधिक जोराने वळतो, खालच्या टोकाला कमी. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी हा फरक एकमेकांना छेदत नाही. क्रँकच्या प्रत्येक फेरीत तो दोनदा धक्का देतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने म्हणजे सेकंदाला शंभर धक्के. सरळ रांगेतील सहा सिलिंडरांत ही बले आपसांत मिटतात, म्हणूनच तसली जुनी इंजिने अधिक शांत वाटतात. चार सिलिंडरांसाठी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी दुप्पट वेगाने फिरणाऱ्या दोन संतुलन-दांड्यांची योजना केली. तो उपाय जन्मलेल्या हादऱ्याला दुसऱ्या हादऱ्याने छेद देणारा होता.

मिचेल यांनी क्रँकच काढून टाकला. पिस्टन मुख्य दांड्याभोवती आणि त्याला समांतर ठेवले, आणि दांड्यावर एक तिरपी चकती बसवली. पिस्टन पुढे-मागे सरकले की ही चकती फिरते. कनेक्टिंग रॉड नसल्यामुळे पिस्टनची गती गणितातल्या शुद्ध दोलनासारखी झाली आणि फेरीत दोनदा बसणारा धक्का उद्भवण्याचे कारणच उरले नाही. पिस्टनांच्या गतीने संपूर्ण इंजिन डोलवू पाहणारा पिळा राहिला होता. तिरप्या चकतीचे वस्तुमान योग्य राखले की तीच नेमका उलटा पिळा देते. अशा तिरप्या चकत्या पूर्वीही करून पाहिल्या गेल्या होत्या, पण घर्षणाने त्या निकामी होत. पिस्टन आणि चकती यांच्यामध्ये मिचेल यांनी स्वतःचेच झुकणारे ठोकळे बसवले. पहिल्या शोधाविना दुसरा शक्यच नव्हता.

१९२० मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात क्रँकलेस इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तिने पंप, हवा दाबणारी यंत्रे आणि इंजिने बनवली. आठ सिलिंडरांचे इंजिन मोटारीत बसवून चालवून पाहिले. परदेशातील उद्योगांनीही त्यात रस घेतला. तरीही मोटारीच्या जगाने ते स्वीकारले नाही. क्रँकच्या इंजिनाभोवती कारखाने, हत्यारे आणि कारागिरांच्या पिढ्या उभ्या होत्या. रबराच्या माउंटिंगवर हादरा झाकता येत होता आणि ते स्वस्त पडत होते. गणिताने निर्दोष ठरलेले इंजिन हिशेबाच्या वहीत हरले.

मिचेल यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. अविवाहित राहून भावंडांच्या सहवासात ते अभ्यास करीत राहिले. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. जॉन हेन्री यांना हा मान १९०२ मध्येच मिळाला होता. १९४२ मध्ये त्यांना जेम्स वॉट आंतरराष्ट्रीय पदक देण्यात आले. वंगणशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध झाला. १७ फेब्रुवारी १९५९ रोजी मेलबर्नमधील कँबरवेल येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियातील यांत्रिक अभियंत्यांना त्यांच्या नावाचे पदक आजही दिले जाते.

झुकणारे ठोकळे आज महासागरांतील जहाजांत आणि जलविद्युत केंद्रांतील प्रचंड टर्बाइनांखाली भार पेलत आहेत. तिरप्या चकतीची रचनाही नाहीशी झालेली नाही. मातीकाम करणाऱ्या यंत्रांच्या हायड्रॉलिक पंपांत ती आहे आणि अनेक मोटारींच्या वातानुकूलन कॉम्प्रेसरमध्येही आहे. जुन्या डिझेल गाडीचे बॉनेट उघडून हादऱ्याचे कारण शोधताना इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असा कॉम्प्रेसर पुष्कळदा हाताशीच असतो. क्रँकचे इंजिन थरथरत असते आणि त्याच्याच शेजारी, तिरप्या चकतीभोवती, पिस्टन दांड्याला समांतर धावत असतात.