वेल्लोरच्या आयडाबाई : झाडाखाली दवाखाना भरवणारी डॉक्टर

रात्री बाळंतीण अडली आणि जवळपास डॉक्टर नाही, ही वेळ काय असते ते वाडी-वस्तीवरच्या माणसाला सांगायला नको. अशाच एका रात्रीनं डॉ. आयडा स्कडर यांचं आयुष्य बदललं.

आयडांचा जन्म १८७० चा, तमिळनाडूतल्या राणीपेटचा. घराणं अमेरिकन मिशनरी डॉक्टरांचं. पण आपण या देशात राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आई आजारी म्हणून त्या तिंडीवनमला आल्या. तिथं एका रात्री एकामागून एक तीन माणसं दारात आली. तिघांच्याही बायका अडलेल्या. वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टरानं बाईला तपासणं त्या घरांना चालत नव्हतं. आयडांना तर त्यातलं काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बाया गेल्या.

आयडा अमेरिकेला परतल्या, १८९९ ला डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वेल्लोरला आल्या. १९०२ मध्ये ४० खाटांचं दवाखान्याचं काम उभं राहिलं. पण खेड्यातलं पेशंट तिथं पोचायचं ते दुखणं हाताबाहेर गेल्यावर. मग आयडाच बाहेर पडल्या. आठवड्याला गुडियात्तमला जायच्या, आधी बैलगाडीनं, पुढं मोटारीनं. वाटेत लोक गाडी अडवायचे. त्यातूनच थांबे ठरले. झाडाखाली जखमा धुवायच्या, डोळे बघायचे, औषध द्यायचं. मोठा आजार असला तर वेल्लोरला न्यायचं. वार ठरलेला, जागा ठरलेली, त्यामुळं माणूस वाट बघत बसायचा.

एकटी डॉक्टर किती गावं करणार? म्हणून १९१८ ला त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. तीन अर्ज आले तरी खूप, असं सरकारी अधिकाऱ्याला वाटत होतं. आले १५१! तीच शाळा आज सीएमसी वेल्लोर म्हणून देशभर नावाजलेली आहे. आयडाबाई मे १९६० मध्ये वारल्या.

त्याच वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० ला जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या.

आता आपलं बघू. आमच्या भागातल्या एका उपकेंद्राला इमारत आहे, रंग आहे, बोर्ड आहे. डॉक्टर कोणत्या वारी येणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. म्हातारी माणसं हेलपाटे घालतात आणि कुलूप बघून परततात. शंभर वर्षांपूर्वी झाडाखाली जे जमलं, ते पक्क्या इमारतीत का जमू नये? येत्या ग्रामसभेत एवढं तरी मागा : डॉक्टरांचा वार आणि वेळ भिंतीवर लिहा, आणि ती पाळा.