फ्रँक मार्शल

फ्रँक जेम्स मार्शल (१० ऑगस्ट, १८७७ – ९ नोव्हेंबर, १९४४) हे अमेरिकन बुद्धिबळपटू होते. १९०९ ते १९३६ या काळात ते अमेरिकेचे राष्ट्रीय विजेते होते. रुय लोपेझ या प्रारंभातील 'मार्शल आक्रमण' त्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र ज्या डावामुळे हे आक्रमण प्रसिद्ध झाले, त्या डावात मार्शल पराभूत झाले होते.

== जीवन ==
मार्शल यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे बालपण काही काळ कॅनडातील माँत्रियाल येथे गेले. १९०४ मध्ये केंब्रिज स्प्रिंग्ज स्पर्धेत जगज्जेते इमॅन्युएल लास्कर यांना मागे टाकून ते अपराजित राहून पहिले आले. १९०७ मधील जगज्जेतेपदाच्या लढतीत मात्र लास्कर यांच्याविरुद्ध त्यांना एकही डाव जिंकता आला नाही. १९०९ मध्ये क्यूबाच्या तरुण होजे राउल कापाब्लांकाने त्यांना ८–१ असे हरवले. १४ डाव बरोबरीत सुटले. १९१५ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमध्ये मार्शल बुद्धिबळ क्लबची स्थापना केली.

== १९१८ चा डाव ==
१९१८ च्या न्यू यॉर्क स्पर्धेत कापाब्लांकाविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना मार्शल यांनी आठव्या खेळीत वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले. त्यामुळे मध्यभागातील एक प्यादे गमवावे लागते. मोबदल्यात पांढऱ्या राजावर वेगवान हल्ला चढवता येतो. पटावरच बचाव शोधून काढत कापाब्लांकाने हल्ला परतवला व ३६ खेळ्यांत डाव जिंकला.

हे आक्रमण मार्शल यांनी कापाब्लांकासाठी अनेक वर्षे गुप्त राखले होते, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही. हीच कल्पना १८९३ मध्ये हवाना येथील एका डावातही खेळली गेली होती.

== वारसा ==
मार्शल यांनी ही कल्पना सोडून दिली नाही. अकराव्या खेळीत घोडा मागे घेण्याऐवजी प्याद्याने त्याला आधार देण्याची सुधारणा त्यांनी पुढे सुचवली व तीच आज मुख्य पद्धत मानली जाते. १९६५ मध्ये बोरिस स्पास्की यांनी मिखाइल ताल यांच्याविरुद्ध या आक्रमणाचा यशस्वी वापर केला. ते टाळण्यासाठी पांढऱ्या बाजूने खेळल्या जाणाऱ्या पद्धतींना 'मार्शलविरोधी' असे म्हणतात.

१९३१, १९३३, १९३५ व १९३७ च्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात मार्शल होते. त्यांचे निधन जर्सी सिटी येथे झाले.