एम्प्रेस मिलचे जमशेटजी

मैत्रिणींनो, नागपुरात महालाला लागून शुक्रवारी तलाव आहे ना, ज्याला गांधीसागर म्हणतात, त्याच्याजवळ एकेकाळी एम्प्रेस मिल होती. ती उभारली जमशेटजी टाटांनी.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीला, पारशी पुरोहितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, मग वडिलांच्या पेढीवर व्यापारात पडले. कापडगिरणी म्हटलं की तेव्हा सगळे मुंबईकडे धावत. यांनी मात्र कापूस पिकतो त्या मुलखाजवळचं नागपूर निवडलं. तलावाकाठची दलदल भरायला घेतली, तेव्हा गावातल्या सावकाराला वाटलं, हा माणूस पैसा मातीत घालतोय! १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली.

गिरणीतलं काम जोखमीचं बरं का. कापसाला पेटायला एक ठिणगी पुरे. हवेत सतत तूस उडणार, डोक्यावर पट्टे फिरणार. जमशेटजींनी आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले, हवा ओलसर ठेवणारी यंत्रं आणली. ओलसर हवेत सूत कमी तुटतं आणि तूसही कमी उडतं.

कामगार वरचेवर गैरहजर राहायचे. दंड करून दरारा बसवणं सोपं होतं. पण जमशेटजी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता यांनी चांगल्या कामाला बक्षिसं सुरू केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई. सरकारचा भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं!

भरपाईनं नुसते पैसे मिळतात असं नाही. लागलं तर सांग, तुझी रोजी बुडणार नाही, हा मालकाचा निरोप त्यातून खालपर्यंत पोचतो. जिथं सांगितल्यावर बोलणी बसतात, तिथं माणूस जखम पदराआड लपवतो. मग बिघडलेलं यंत्र तसंच चालू राहतं आणि उद्या दुसऱ्या कुणाचा हात जातो.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचं निधन झालं. आज ती गिरणीही नाही. पण शिवणाच्या युनिटात, जिनिंगमध्ये, मसाल्याच्या कारखान्यात आपल्या कितीतरी बायका राबतात. तिथं कामाला लागताना पगारासोबत एवढं जरूर विचारा: इथं लागलं-खुपलं तर सांगायचं कुणाला, आणि सांगितल्यावर होतं काय? आणि चार बायका तुमच्या हाताखाली असतील, तर याचं उत्तर त्यांनी विचारायच्या आधीच द्या.