विश्लेषण : एफबीआय प्रमुखाला दहाच वर्षे का?

अमेरिकेतील एफबीआयच्या संचालकाची मुदत कायद्याने दहा वर्षांची आहे. या मर्यादेमागे जे. एडगर हूव्हर यांची कारकीर्द आहे.

कोण होते हूव्हर?
१९२४ मध्ये, २९व्या वर्षी ते प्रमुख झाले. बोटांच्या ठशांचा देशव्यापी संग्रह, १९३२ची गुन्हे प्रयोगशाळा, प्रशिक्षित एजंट ही त्यांची कामगिरी.

मग वाद कशाचा?
त्यांच्या फायलींत गुन्हेगारांबरोबर राजकारणी, लेखक आणि आंदोलकही आले. १९५६ पासून ‘कोइंटेलप्रो’ या गुप्त मोहिमेत राजकीय संघटनांत खबरे पेरून फूट पाडण्यात आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हॉटेलच्या खोल्यांत चोरून ध्वनिमुद्रण झाले. १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका कार्यालयातून पळवलेली कागदपत्रे वृत्तपत्रांत छापून आली आणि मोहीम गुंडाळावी लागली.

हटवले का नाही?
आठ राष्ट्राध्यक्ष आले, हूव्हर राहिले. त्यांच्याकडील माहितीची धास्ती, हे त्याचे एक कारण मानले जाते. २ मे १९७२ रोजी ते पदावर असतानाच वारले.

पुढे काय झाले?
सिनेटच्या चर्च समितीने हे गैरप्रकार चव्हाट्यावर आणले. १९७६ मध्ये दहा वर्षांची मर्यादा आली. हूव्हर ४८ वर्षे प्रमुख होते.